चुली विझवणारी मोठमाय

माझा जन्म झाला तेव्हा आमच्या घराला छप्पर नव्हतं. धुरानं काळ्या पडलेल्या चार भिंती होत्या आणि वर आभाळ. त्याच वर्षी वैशाखात घर जळालं होतं. बैलजोडी दाव्याला बांधलेली तशीच गेली. पेरणीला राखून ठेवलेली सरकी गेली, ज्वारीची कणगी तर कितीतरी दिवस आतल्या आत धुमसत होती म्हणतात. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठबा, स्वतःचं वावर असून दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाऊ लागले, कारण नांगर ओढायला बैल नव्हते. आईनं मला कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या मांडवाखाली जन्म दिला. "तू झाला तवा तुले गुंडायले चिंधी नोती घरात," मोठबांची बायको, आमची मोठमाय, मला सांगायची. "मी माह्या लुगड्याचा पदर फाडला. त्यालेई जळाल्याचा वास येत होता. तू लय रडला त्याच्यात."

ती आग कशी लागली हे मला गावानं सांगितलं नाही, मोठमायनंच सांगितलं. तेव्हा आमच्या पुऱ्यात, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, आगपेटीची काडी कोणी रोज ओढत नसे. एका घरानं विस्तव राखायचा आणि बाकीच्या बायांनी तो गोवरीवर मागून न्यायचा, अशी रीत. विस्तव राखायचा मान आमच्या घराचा. सकाळचा स्वयंपाक झाला की मोठमाय निखाऱ्यात जाड गोवरी पुरून वर राख ओढायची. त्या दुपारी वारं उठलं, राख उडाली, ठिणगी कुडाला लागली. आमच्या घरासकट निम्मा पुरा गेला. "माह्याच चुलीतून गेली ती," असं ती कोणालाही सांगायची. नवा पाहुणा आला तरी नाव-गाव सांगून झालं की हे सांगायची. तिच्या आवाजात रडणं नसे. जमिनीचा गट कुठला, हे जसं सांगतात तसं सांगायची. आई म्हणायची, "काऊन सांगता व जाऊबाई? कोनी इचारलं का तुम्हाले?" तर म्हणायची, "इचारत नाईत म्हनून त सांगा लागते."

तेव्हापासून होळीपासून पाऊस पडेपर्यंत आमच्या घरी चूल तांबडं फुटायच्या आत पेटे आणि वारं उठायच्या आत विझे. राखेनं झाकलेली नाही, पाण्यानं विझवलेली. वर मोठमाय हात घालून पाही. बोटाला चटका बसला की पुन्हा पाणी. दिवसभराच्या भाकरी सकाळीच थापून फडक्यात बांधलेल्या असत. दुपारी भाकर, कांदा, ताक. संध्याकाळी तीच भाकर आणि आंबाडीची भाजी, तीही थंड. तिची एकुलती एक लेक धाड गावाच्या पलीकडे, निजामाच्या मोगलाईत दिली होती. एकदा जावई भर दुपारी आले. त्यांच्यापुढं थंड भाकर आली. जावई हसून म्हणाले, "सासूबाई, आमच्याकडं पाव्हण्याला गरम वाढतात." मोठमायनं ताकाची वाटी पुढं सरकवली आणि म्हणाली, "तुमच्याकडं नवाब हाये, जवाईबापू. आमच्याकडं वारं हाये." त्यानंतर जावई उन्हाळ्यात आले नाहीत. दिवाळीला येत.

आमचं गाव धामणगाव बढ्याहून डोंगराच्या अंगाला आहे. वर घाटावर बुलढाण्याला साहेब लोकांचे बंगले, गार हवा. खाली आम्ही. घाटावरून उतरणारा माणूस पायथ्याला आला की चपलेच्या आत पाय उचलून चालू लागतो, इतका फरक. इथल्या उन्हाशी वागायची मोठमायची एक रीत होती आणि ती तिनं पुऱ्यातल्या लहानथोरांवर लादली होती. पळसाची फुलं रात्री भिजवून त्या पाण्यानं लेकरांना आंघोळ. फेट्यात कांदा. कैरी भाजून तिचं पन्हं, पण कैरी भाजायची तीही पहाटे. सूर्य डोक्यावर आला की वावरात कोणी दिसता कामा नये. दिसला तर ती बांधावर उभी राहून त्याच्या बापाचं नाव घेऊन हाक मारी. उन्हातून आलेल्याला लगेच पाणी देत नसे. आधी सावलीला बसवी, मग गुळाचा खडा, मग पाणी, तेही घोट घोट. "ऊन वावरात मारत नाई," ती म्हणे, "तिथं फक्त धरते. मारते घरी आनून." मी मॅट्रिकला होतो तेव्हा मलाही तिनं वर्गातल्या मित्रांसमोर कांदा बांधायला लावला होता. मित्र हसले. मी बांधला. हसण्यानं कोणी मेल्याचं मी पाहिलं नाही, उन्हानं मेलेले पाहिले आहेत.

पण गाव तिला ज्यासाठी ओळखे ती गोष्ट वेगळीच. सकाळची न्याहारी उरकली की ती हातात पाण्याचा तांब्या घेऊन पुऱ्यातून निघे आणि घराघरात शिरून चुली पाही. कुठं निखारा दिसला की तांब्यातलं पाणी त्यावर. विचारणं नाही, सांगणं नाही. फस्स असा आवाज आला की शेजारणीला कळे, विझवणी आली. हे तिचं नाव. पोरं ते तिच्या पाठीमागं ओरडत, बाया तिच्या तोंडावर म्हणत. वैशाखात आमचा आड गाळाला लागे. बाया नाल्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरत. अशा पाण्यानं दुसऱ्याची चूल विझवायची म्हणजे काय, हे ज्यांनी झिऱ्यावर ताटकळून घागर भरली आहे त्यांनाच कळेल.

आमच्या समोर गंगूकाकू राहत. त्यांचं आणि मोठमायचं रोजचं ठरलेलं भांडण.

"आली का व विझवणी? प्यायले पानी नाई आन तू चुलीले पाजतेस!"

"चुलीले नाई पाजलं त ती तुले खाईन, गंगे."

"माह्या चुलीचं मी पाहीन. तुह्या चुलीनं पुरा खाल्ला, माह्या चुलीनं नाई."

"हाव. म्हनून त मले ठाव हाये, कसा खाते ते."

गंगूकाकू चुलीसमोरून बाजूला होत. पण दुसऱ्या दिवशी निखारा पुन्हा असे. चहाची सवय लागली होती त्यांना, आणि चहा दुपारीच लागे. मोठमायला हे माहीत होतं. गंगूकाकूंना ताप आला तेव्हा तिनं स्वतः पहाटे उठून चहा करून लोटीत भरून नेला होता. थंड झालेला. गंगूकाकू तो पिऊन म्हणाल्या, "गार चहा पाजून मारशील मले." दोघी हसल्या. मी दोघींना एकत्र हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

डोंगर हा तिचा दुसरा घोर. चैत्र लागला की डोंगरावरचं गवत वाळून पिवळं होई आणि कुठून तरी वणवा लागे. कोणी मोहोळ काढताना लावी, कोणी पहिल्या सरीला कोवळं गवत फुटावं म्हणून मुद्दाम लावी. दिवसा नुसता धूर दिसे आणि तिन्हीसांजेला डोंगराच्या कडेवरून लाल रेघ सरकताना दिसे. आम्ही पोरं ती दिवाळीसारखी पाहत असू. मोठमाय पाठ फिरवून बसे. होळीनंतर ती मोठबांना आणि बाबांना घेऊन गावाच्या डोंगराकडच्या अंगाचं गवत विळ्यानं कापून जमीन उघडी करी. बाकीचे म्हणत, "डोंगर तिकडं, गाव इकडं, मधात नाला. आग काय नाला पोहून येते?" ती म्हणे, "आग येत नाई. वारं तिले घेऊन येते." ते तिघंच कापत. त्यामुळं कापलेला पट्टा तिघांच्या ताकदीएवढाच असे. उरलेलं गवत तसंच.

आणि सगळ्यात मोठा घोर म्हणजे कडब्याच्या गंज्या. ज्वारी निघाली की कडबा घरासमोर रचायचा, ही आमच्याकडची पिढ्यांची चाल. वस्तीबाहेर रचला तर दावा धरलेला वैरी काडी लावतो, मोकाट ढोरं खातात, ही कारणं सगळे सांगतात आणि ती खोटी नाहीत. पण खरं कारण दुसरं आहे. सोयरिकीला पाहुणे आले की ते आधी गंजी पाहतात, मग मुलगा पाहतात. गंजी उंच म्हणजे ज्वारी जास्त, ढोरं जास्त, घर भरलेलं. त्यामुळं जो तो आपली गंजी दारात, रस्त्यावरून दिसेल अशी, शेजाऱ्याहून हातभर उंच रचतो. कुडाची घरं, वर गवताचं छप्पर, आणि दोन घरांमध्ये वाळलेल्या कडब्याचा डोंगर. आम्ही असं राहत होतो.

पुऱ्याच्या तोंडाशी सखारामकाकांची गंजी. सगळ्यांत मोठी. वारं जिकडून येई त्याच बाजूला. सखारामकाका वाईट माणूस नव्हे. हसरा, हात सैल, घरात तीन पोरं लग्नाची. मोठमाय त्यांच्या ओट्याशी जाऊन उभी राही.

"भाऊजी, गंजी नाल्यापलीकडं न्या. मी येतो डोक्यावर वाहायले."

"वयनी, गंजी हालवली त माह्या पोरायले पोरी कोन देईन?"

"आन गंजी पेटली त?"

"तवा सगळ्यायचीच पेटीन. मंग सगळेच सारखे. मंग देतीन."

ओट्यावरचे सगळे हसत. मोठमायही हसे, कारण बोलणं खरंच मजेचं होतं. मग ती तांब्या उचलून त्यांच्या चुलीकडे जाई.

मी आमच्या पुऱ्यातला पहिला बी.ए. ही गोष्ट मी लपवत नाही आणि सांगताना खाली पाहत नाही. बुलढाण्याच्या हायस्कुलात मी पायी घाट चढून गेलो, पुढं अमरावतीला दुसऱ्यांच्या घरी जेवून कॉलेज केलं. परीक्षा पास झाल्याचं कळलं तेव्हा मोठबांनी गावभर गूळ वाटला. मोठमायनं मला समोर बसवलं, नीट पाहिलं आणि विचारलं, "दौल्या, बी.ए. झाला म्हन्जे आता तुहं बोलनं लोक आयकतीन का?"

मी म्हटलं, "ऐकतील."

"मंग एक गंजी हालवून दाखव."

तिनं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. मला तालुक्याला शाळेत मास्तरकी लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो की मी तेच काम धरलं. चावडीवर सगळ्यांना जमवून बोललो. पाटलांनी मला आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. आमच्या घरातला माणूस त्या सतरंजीवर पहिल्यांदाच बसला. मी सांगितलं, सगळ्यांनी माना हलवल्या. "मास्तर म्हनतात ते सोळा आने खरं हाये," पाटील म्हणाले. पानसुपारी झाली. सगळे आपापल्या गंज्यांच्या सावलीत जाऊन बसले. दुसऱ्या वर्षीही असंच झालं. मग मी एका अंमलदाराकडे गेलो. सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, आग लागली की कळवा, मदतीची व्यवस्था आहे. लागायच्या आधीची काही तरतूद नाही. घरी येऊन मोठमायला सांगितलं. ती भाकरीचं फडकं बांधत होती. गाठ मारून म्हणाली, "म्हन्जे मेल्यावर वैद." पुढं तिनं कधी विचारलं नाही. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझी आशा सोडली, आणि तिनं ती धरली होती हे मला त्या सोडण्यातून कळलं.

त्या वर्षी डोंगर आखाजीच्या आधीपासून जळत होता. रान पार वाळलेलं, आड कोरडा, झिऱ्यात गढूळ पाणी, आणि वारं सकाळीच उठायचं. अंगणात वावटळी फिरत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे पितरांचा मोठा सण. घागर भरायची, तिच्यावर खरबूज, आमच्याकडचं डांगर, ठेवायचं, पुरणाचा स्वयंपाक करायचा, आणि सूर्य माथ्यावर आला की अंगणात खापरावर निखारे घेऊन त्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास सोडायचा. ही आगारी. धूर सरळ वर गेला की पितर जेवले. आणि आगारीच्या निखाऱ्यावर पाणी घालत नाहीत. ते पितरांचं तोंड. ते आपोआप निवू द्यायचं. उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात, भर दुपारी, घराघरांपुढं उघडा विस्तव ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही, अशी आमची रीत.

एरवी त्या एका दिवशी मोठमाय गप्प बसे. रात्र पडेपर्यंत अंगणात बसून एकेका घराकडे पाहत राही. त्या वर्षी ती आदल्या दिवशीच घरोघर फिरली. "उद्या आगारी पहाटेच टाका. वारं पडलेलं असते तवाच उरका."

सखारामकाका म्हणाले, "वयनी, माह्या बापानं जितंपनी कधी सूर्य उगवायच्या आत तोंड नाई धुतलं. तो आता मेल्यावर पहाटे जेवाले येईन का?"

"नाई आला त मी दुपारी माह्या हातानं जेवू घालीन त्याले, थंड. आन पाया पडीन."

सगळे हसले. पण गंगूकाकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू आमच्या चुली विझवल्या, आमी कायी नाई म्हनलं. पितरायच्या तोंडात पानी ओतू नको, व बाई. तुह्या घरात नाई टिकलं, आमच्या घरात राहू दे कायी." मोठमाय तिथून परत आली. त्या दिवशी मला ती प्रथमच म्हातारी दिसली.

आखाजीला आमच्या घरची आगारी उजाडायच्या आत झाली. मोठबांनी घास सोडला, बाबांनी सोडला, मी सोडला. धूर सरळ वर गेला. मोठमायनं निखाऱ्यावर पाणी घातलं आणि आभाळाकडे हात जोडले. मग तिनं एक गोष्ट केली. पुऱ्यातली सगळी लेकरं आणि ओट्याओट्यावरची म्हातारी माणसं तिनं पन्ह्याचं निमित्त करून नाल्याकाठच्या करंजांखाली नेली. सणाच्या स्वयंपाकात लेकरं पायात येतात, म्हणून बायांनी आनंदानं पाठवली. म्हातारी माणसं बैलगाडीतून गेली. मी आणि बाबा घागरी वाहत होतो. करंजाची सावली दाट. लेकरं झिऱ्यात पाय घालून बसली होती, मोठमाय वाटीनं पन्हं देत होती आणि तिचे डोळे पुऱ्याकडे होते.

सूर्य माथ्यावर आला आणि पुऱ्यात घराघरातून आगारीचे धूर निघाले. ते वर गेले नाहीत. आडवे पडले. मोठमाय वाटी खाली ठेवून उठली. त्याच वेळी सखारामकाकांच्या अंगणातून एक वावटळ निघाली. एरवी ती नुसती धुळीची असते. हिच्यात लाल ठिपके होते.

कडबा जळत नाही, उडतो. पेटलेल्या पेंढ्या पाखरांसारख्या एका गंजीवरून दुसरीवर जाऊन बसत होत्या. माणसं बादल्या घेऊन आडाकडे धावली आणि आडात गाळ होता. आम्ही पोहोचलो तेव्हा घरं वाचवायची वेळ निघून गेली होती. मोठमाय विळा घेऊन गोठ्यागोठ्यात शिरत होती आणि दावी कापत होती. मी दुसऱ्या बाजूनं कापत होतो. सुटलेली ढोरं आमच्यामधून धावत होती. मोठमाय अनवाणी होती, डोक्यावर पदर नव्हता, आणि मला ओरडून सांगत होती, "दौल्या, पानी पी! पह्यलं पानी पी, मंग जाय!" तिनं स्वतः सकाळपासून पाणी घेतलं होतं की नाही, हे आता सांगता येत नाही. विचारायचं कोणाला सुचलं नाही.

पुरा सगळा गेला. एकही घर राहिलं नाही, आमचंही नाही. माणूस मात्र आगीत एकही गेलं नाही. सगळे करंजांखाली जमले, बाया आपापलं लेकरू हातानं चाचपून पाहत होत्या. आणि तेव्हाच आईच्या लक्षात आलं की मोठमाय बसल्या जागी कलंडली आहे. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. आम्ही झिऱ्याचं पाणी अंगावर ओतलं, ओलं धोतर पांघरलं, कांद्याचा रस तळपायाला चोळला. तिनं आम्हाला शिकवलेलं सगळं केलं. सखारामकाका आपल्या उपरण्यानं तिला वारा घालत होते आणि लहान मुलासारखे रडत होते. ती कधी कुणाला वावरातून हाका मारी, कधी चुलीत हात घालून पाहिल्यासारखी बोटं हलवी. मग मधेच शुद्धीवर आली. माझ्याकडे पाहिलं.

"लेकरं?"

"सगळी आहेत."

"गंज्या?"

"जळाल्या."

"साऱ्या?"

"साऱ्या."

मग म्हणाली, "औंदाच्या आता कुठं रचतीन?"

मी बी.ए. झालेला माणूस तिचा हात धरून बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत ती गेली.

लाकडं अर्धवट जळालेलीच होती, तीच गोळा केली. सरण रचून झालं तेव्हा दुपार व्हायची होती आणि वारं उठलं होतं. कोणीतरी पलिता पुढं केला. मोठबांनी तो हातानं बाजूला केला. ते फार कमी बोलणारे. म्हणाले, "वारं पडू द्या. ती असती त आता पेटवू देलं नसतं." मग सगळं गाव बसलं. पाटील बसले, सखारामकाका बसले. गंगूकाकू, ज्यांच्या अंगावरच्या लुगड्याशिवाय काही उरलं नव्हतं, त्या तिच्या पायाशी बसल्या आणि अंगावरच्या माशा वारत राहिल्या. कोणी घाई केली नाही. दिवस कलला, वारं पडलं, तेव्हा अग्नी दिला. इतकी वर्षं घरोघर फिरून तिला जे मिळालं नाही, ते गावानं तिला त्या एका दुपारी दिलं.

त्या पावसाळ्यात आम्ही सगळेच मांडवाखाली राहिलो. ज्वारी बरी आली. माघात मी गावी गेलो तेव्हा सखारामकाका पुऱ्याच्या तोंडाशी, त्याच जागी, कडबा रचत होते. मला पाहून ते शिडीवरून खाली उतरले. "मास्तर," ते म्हणाले, "मले सारं समजते. वयनी मले सपनात दिसते. पन थोरल्याले पाह्यले फागुनात पाव्हणे येऊन राह्यले. घर नाई, गंजी त दिसली पाह्यजे." त्यांचे डोळे भरले होते. ते डोळे पुसून पुन्हा शिडीवर चढले आणि खालून पोरानं पेंढी वर फेकली. मी पुढं निघालो. समोरच्या घरचीही रचून झाली होती. आमच्या दारात आमची होती. बाबांनी रचलेली. माझ्या धाकट्या भावाचं लग्न व्हायचं होतं.

पुढच्या आखाजीला मी सुट्टी काढून गावी गेलो. अजून अंधार होता तेव्हा कोणीतरी अंगण झाडत असल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर गंगूकाकू खापरावर निखारे काढत होत्या. पलीकडे सखारामकाका तोंड धुवून, सोवळं नेसून घास घेऊन उभे होते. मग एकेका घरापुढं तसंच. वारं नव्हतं. सगळ्यांचे धूर सरळ वर गेले. घास सोडून झाल्यावर प्रत्येकानं निखाऱ्यावर पाणी घातलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

आता आमच्या पुऱ्यात आखाजीची आगारी सूर्य उगवायच्या आत होते. एवढंच झालं.